सात-चाळीसचं विमान सव्वादहाला सुटलं, आणि मला माझं दुकान दिसलं



गेल्या महिन्यात खरेदीसाठी मुंबईला गेले होते. दिवसभर दादरच्या हिंदमाता मार्केटमध्ये फिरले आणि संध्याकाळी ७.४० चं नागपूरचं विमान पकडायला विमानतळावर आले. दीड तासाचा प्रवास. ९.१० ला नागपूर. बाबा सोनेगावला गाडी घेऊन येणार होते. सगळा हिशोब सरळ होता.

सात वाजून दहा मिनिटांनी बोर्डावर नवीन वेळ आली, ८.१०. ठीक आहे, अर्धाच तास. बाबांना फोन केला, "थोडं उशिरा निघा." आठ वाजता वेळ झाली ८.४०. साडेआठला झाली ९.०५. प्रत्येक वेळी कारण एकच, येणाऱ्या विमानाला उशीर.

तोपर्यंत बाबा घरून निघाले होते. आमचे बाबा कुठेही अर्धा तास आधी पोहोचणारे. शिवाय वय ६८, रात्री गाडी चालवायला त्यांना जड जातं. म्हणाले, "आता आलोच आहे, तर थांबतो."

गेटवर लोक चिडले होते. एक काका काउंटरवर हात आपटत होते. तेवढ्यात तिथला एक तरुण कर्मचारी पुढे आला आणि स्पष्ट बोलला, "विमान आत्ता अहमदाबादहून निघालंय. पावणेदहाला इथे येईल. सव्वादहाच्या आधी आपण उडणार नाही. तुम्ही निवांत जेवून घ्या."

यापेक्षा वाईट बातमी त्या संध्याकाळी कोणी दिली नव्हती. आणि तरी गंमत बघा, लोक शांत झाले. कोणी जेवायला गेलं, कोणी घरी फोन लावला, कोणी लॅपटॉप उघडला. काकासुद्धा खुर्चीत जाऊन बसले.

मी मात्र अस्वस्थ झाले. कारण मला कळमेश्वरच्या काकू आठवल्या.

"दहा मिनिटं बसा"

तुम्हाला माहीतच आहे, माझं लेडीज रेडीमेडचं दुकान आहे आणि आम्ही फिटिंगही करून देतो. मागच्या दिवाळीच्या आधी कळमेश्वरहून एक काकू आल्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा साखरपुडा. ड्रेस घेतला, फिटिंग करायचं होतं. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मी म्हटलं, "दहा मिनिटं बसा काकू, लगेच देते."

मास्टरांसमोर आधीचे सहा कपडे पडलेले मला दिसत होते. तरी मी दहा मिनिटं म्हटलं. सहाला म्हटलं, "झालंच." साडेसहाला चहा पाजला. ड्रेस हातात मिळाला पावणेआठला. त्यांची बस गेली होती. जाताना त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उशीर होणार हे तुला साडेपाचलाच माहीत होतं नं, बाई? तेव्हाच सांगितलं असतं, तर मी कपडा ठेवून गेले असते. पोराला सकाळी पाठवलं असतं."

त्या पुन्हा आल्या नाहीत. साखरपुडा झाला म्हणजे पुढे लग्नाची खरेदी होती, पण तीही माझ्याकडे झाली नाही.

गेटवर बसून कळलं की त्या दिवशी काकू जिथे होत्या, तिथे आज मी आहे. माझी सव्वादहाला निघायचीसुद्धा तयारी होती. फक्त सात वाजता कोणी खरं सांगायला हवं होतं. बाबा घरी जेवून, आराम करून निघाले असते.

संध्याकाळचा उशीर सकाळी सुरू होतो

स्वस्त तिकिटाच्या कंपन्यांचं एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. पहिल्या फेरीला वीस मिनिटं उशीर झाला, तर तो पुढच्या फेरीत जातो. तिथे आणखी दहा मिनिटं वाढतात. दिवसभर साचलेला हा उशीर शेवटी संध्याकाळच्या प्रवाशाच्या पदरात पडतो. त्याची काहीच चूक नसते.

माझ्या दुकानातही तेच झालं होतं. त्या सकाळी मास्टरांचं काम अकराऐवजी बाराला सुरू झालं, कारण अस्तर आणि दोरे आदल्या रात्री काढून ठेवले नव्हते. दुपारी मीच ओळखीतलं एक "अर्जंट" काम मध्ये घुसवलं. भोगलं कोणी? साडेपाचच्या काकूंनी.

दोन फेऱ्यांच्या मधली वेळ

पावणेदहाला विमान आलं. मी काचेला नाक लावून बघत होते. इकडे प्रवासी उतरताहेत, तिकडे बॅगा निघताहेत, इंधनाची गाडी लागली आहे. शेवटचा प्रवासी उतरताच साफसफाई सुरू. कोणी कोणाची वाट बघत नव्हतं. जी कामं एकाच वेळी करता येतात, ती एकाच वेळी चालू होती. अर्ध्या तासात तेच विमान पुन्हा तयार.

बीबीएला याचं प्रसिद्ध उदाहरण शिकलो होतो. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सला १९७२ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे आपल्या चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच चालवायचं होतं. मग त्यांनी विमान जमिनीवर दहाच मिनिटं थांबेल अशी कामाची पद्धत बसवली. मशीन वाढवायला पैसे नव्हते, म्हणून दोन कामांमधला वाया जाणारा वेळ काढून टाकला. आपल्यासारख्या एका मशीनवाल्यांसाठी हा मोठा धडा आहे.

उड्डाणाआधी केबिनचे दिवे मंद केले. रात्री हे मुद्दाम करतात, म्हणजे गरज पडली आणि अंधारात बाहेर पडावं लागलं, तर डोळे आधीच सरावलेले असतात. अडचण येण्याआधीच तयारी! मी मनात म्हटलं, उशिराचीही अशीच आधी तयारी ठेवली असती, तर?

हो, एक कामाची माहिती. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर थांबलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं. आम्हाला सँडविच आणि ज्यूस मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर काउंटरवर नम्रपणे विचारा.

आता माझ्या दुकानात काय बदललं?

१. दिवसाचं पहिलं काम वेळेवर. अस्तर, दोरे, कपड्यांच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच मशीनजवळ ठेवतो.

२. वेळ सांगताना जागा ठेवून सांगायची. विमानाच्या तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो, पण हवेतला वेळ त्याहून कमी असतो. काम ४० मिनिटांचं असेल, तर मी आता तास सांगते.

३. दुपारी चारला पाच मिनिटं मास्टरांबरोबर उभ्याने हिशोब. कोणतं काम आज होणार नाही? त्या गिऱ्हाईकाला लगेच फोन, आणि एकदाच, खरी वेळ सांगून. चार वेळा अर्धा-अर्धा तास मागायचा नाही.

४. प्रत्येक पावतीवर मोबाइल नंबर. हे का, ते सांगते. परत आल्यावर मला काकूंना फोन करून माफी मागायची होती. पण त्यांचा नंबरच कुठे लिहिलेला नव्हता.

त्या रात्री मी ११.३५ ला उतरले. बाबा अडीच तासांपेक्षा जास्त वेळ गाडीत बसून होते. मला बघून एवढंच म्हणाले, "जेवलीस का?" काकूंसारखेच तेही भांडले नाहीत. मित्रांनो, बाबा पुन्हा घ्यायला येतील. गिऱ्हाईक न भांडता जातं, ते परत येत नाही.

आजचा गृहपाठ: या आठवड्यात तुम्ही किती जणांना "दहा मिनिटं" म्हणालात आणि प्रत्यक्षात किती वेळ लागला, ते वहीत लिहा. सात दिवसांनी आकडे बघा आणि कमेंटमध्ये खरे आकडे टाका. माझा पहिल्या आठवड्याचा आकडा होता सरासरी ३५ मिनिटं. लाज वाटली, पण तिथूनच सुधारणा सुरू झाली.

भेटू पुढच्या व्हिडिओत!