फुटस्क्रेचा शनिवार

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटले की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांत काही चित्रे हमखास डोळ्यांपुढे येतात. १९८१ साली दुखावलेल्या मांडीनिशी गोलंदाजी करून ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपवणारा कपिल देव, १९८५ साली रवी शास्त्रीला मिळालेली आणि सगळा संघ जिच्यावर चढून बसला ती ऑडी गाडी, आणि २०२० सालचे अजिंक्य रहाणेचे शतक. पण हे मैदान क्रिकेटचे आहे ते उन्हाळ्यापुरते. हिवाळा दुसऱ्याच एका खेळाच्या मालकीचा असतो, आणि जुन्या मेलबर्नकराला या मैदानावरची सर्वांत मोठी आठवण विचारली तर तो बहुधा क्रिकेटचे नाव काढणार नाही.

माझी मुलगी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. आपली बरीच मंडळी आता त्याच बाजूला घरे घेतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दोन हिवाळे तिथे काढले. 'आजोबा, याला फुटबॉल नाही म्हणायचं, फूटी म्हणायचं,' अशी तंबी नातवाने पहिल्याच दिवशी दिली.

या खेळाचे मूळही क्रिकेटमध्येच आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात खेळाडूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम तयार झाले. मैदान क्रिकेटचे, म्हणून अंडाकृती. पुढे चेंडूही अंडाकृती आला. प्रत्येक बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेने मारायचा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायचा मात्र नाही. लाथेने दूरवरून आलेला चेंडू अलगद झेलला, की झेलणाऱ्याला कुणाचीही आडकाठी न होता पुढची लाथ मारता येते. त्यामुळे गडी एकमेकांच्या खांद्यावर गुडघा टेकून आभाळात उडतात. पाहताना आपल्याला दहीहंडीच आठवते. फरक एवढाच, की इथे खालचा गडी बहुधा प्रतिपक्षाचा असतो! मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. नेम थोडा चुकला तरी पदरात काहीतरी पडतेच.

दुसऱ्या महायुद्धात हे मैदान लष्कराच्या ताब्यात होते. १९४६ साली ते पुन्हा खेळासाठी खुले झाले, आणि मेलबर्नची जुनी माणसे ज्या काळाच्या आठवणीने हळवी होतात तो काळ तिथून सुरू झाला. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये बारा क्लब होते. जिलाँगचा एक सोडला तर बाकी सगळे मेलबर्न आणि त्याच्या उपनगरांचे : कार्लटन, कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, रिचमंड, फुटस्क्रे. क्लबाचे नाव म्हणजे वस्तीचे नाव. शनिवारी दुपारी सहा मैदानांवर सहा सामने. त्या भागात राहणारा पोरगा सहसा त्याच भागाच्या क्लबकडून खेळे. मोबदल्यावर लीगची मर्यादा असल्याने नुसत्या खेळावर घर चालत नसे.

यांतले फुटस्क्रे म्हणजे कष्टकऱ्यांची वस्ती. मॅरिबिर्नॉन्ग नदीच्या काठाला कत्तलखाने, कातडी कमावण्याचे कारखाने, पलीकडे दारूगोळ्याचा कारखाना. लीगमध्ये क्लब आला १९२५ साली. पण पुढे जवळजवळ तीन दशके अंतिम सामन्यातसुद्धा पोचला नव्हता. तो पोचला १९५४ साली. समोर मेलबर्नचा मातब्बर संघ. त्या संघात अठरा वर्षांचा रॉन बरासी होता. त्याचे वडीलही याच क्लबाचे खेळाडू. १९४१ साली टोब्रुकच्या लढाईत ते मारले गेले होते. २५ सप्टेंबरला ऐंशी हजारांवर प्रेक्षकांसमोर चार्ली सटनच्या नेतृत्वाखाली फुटस्क्रेने मेलबर्नला १०२ विरुद्ध ५१ असे, म्हणजे बरोबर दुपटीने, हरवले. एकट्या जॅक कॉलिन्सने सात गोल मारले.

मुलीच्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांचे बालपण फुटस्क्रेत गेले; वडील न्यूपोर्टच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. हे गृहस्थ कुंपणापाशी उभे राहून १९५४ चा सामना सांगू लागले, की सामना पाच मिनिटांत आटपतो आणि बाकीचेच तासभर चालते. आईने विणलेला लाल-पांढरा-निळा मफलर. जर्सीच्या पाठीवर शिवलेला टेड व्हिटनचा ३ हा आकडा. हातात टोमॅटो सॉस ओतलेली, तोंड भाजणारी मटणाची पाय. पुरुषांइकतेच तावातावाने ओरडणाऱ्या बायका. दारूचे गुत्ते तेव्हा सहाला बंद होत, म्हणून सामना संपताच बापमंडळींची उडणारी धांदल. 'शनिवारी ज्याच्या नावाने घसा फोडला,' ते म्हणाले, 'तोच सोमवारी सुजलेला डोळा घेऊन आमच्या गाडीला असायचा. वडील त्याला बसायला जागा द्यायचे.'

त्या काळाचा जमाखर्च मांडायचा तर नावे बाजूही लिहायला हवी. १९४५ च्या अंतिम सामन्यात एवढी मारामारी झाली, की तो आजही 'ब्लडबाथ' या नावानेच ओळखला जातो. एसेंडनच्या जॉन कोलमनने ९८ सामन्यांत ५३७ गोल केले, आणि १९५४ साली गुडघा निकामी होऊन ऐन पंचविशीत त्याचा खेळ संपला. पर्थच्या अनाथाश्रमात वाढलेला, आदिवासी वंशाचा पॉली फार्मर १९६२ साली जिलाँगला आला. मुठीने चेंडू देण्याची त्याने कलाच केली. सरावासाठी तो मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू पार करी. २०१९ साली तो वारला. मेंदूच्या तपासणीत, डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा विकार आढळला. या खेळातल्या माणसात त्याचे निदान होण्याची ती पहिलीच वेळ. आपण ज्याला मर्दानी खेळ म्हणून टाळ्या वाजवतो, त्याचे बिल कोणाच्या तरी घरी चाळीस-पन्नास वर्षांनी जाते. म्हणून 'जुने ते सोने' हे मला मान्य नाही. शेजारच्या आजोबांनाही नव्हते. त्यांना हवा होता तो जुना खेळ नव्हे. तो गाडीतला सोमवार हवा होता.

पुढे टीव्ही आला, पैसा आला. १९८२ साली साउथ मेलबर्नचा क्लब सिडनीला नेण्यात आला. १९८९ साली कर्जात बुडालेले फुटस्क्रे आणि फिट्झरॉय यांचे विलीनीकरण जाहीर झाले. मी बँकेत असताना शाखा बंद करण्याचे प्रस्ताव पाहिले आहेत. त्या तक्त्यात ठेवी, कर्जे, थकबाकी, पगारखर्च असे रकाने असतात. पेन्शनच्या दिवशी बाकावर तास-दोन तास बसून एकमेकांची खुशाली विचारणाऱ्या म्हाताऱ्यांचा रकाना नसतो. आकडे खरे असतात, म्हणून त्यांच्यापुढे कोणाला बोलता येत नाही.

फुटस्क्रेची माणसे मात्र बोलली. पत्र्याचे डबे घेऊन ती रस्त्यांवर, दारोदार फिरली, नाणे नाणे जमवले, आणि काही आठवड्यांत विलीनीकरण मागे घ्यायला लावले. फिट्झरॉयच्या नशिबी ते नव्हते. १ सप्टेंबर १९९६ रोजी, घरापासून हजारो मैल दूर पर्थमध्ये, त्यांनी शेवटचा सामना खेळला, आणि क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला.

वाचलेले फुटस्क्रेही तसेच राहिले नाही. आता त्याचे नाव वेस्टर्न बुलडॉग्ज आहे. सामने बंदराजवळच्या छपराच्या स्टेडियममध्ये होतात, आणि कोणताही खेळाडू सोमवारच्या गाडीला नसतो. तरी २०१६ साली, बासष्ट वर्षांनी, त्यांनी पुन्हा अजिंक्यपद मिळवले. हरवले कोणाला? सिडनीला, म्हणजे एके काळच्या साउथ मेलबर्नला. दुखापतीमुळे कर्णधार बॉब मर्फी त्या दिवशी मैदानाबाहेर होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी आपल्या गळ्यातले पदक काढून त्याच्या गळ्यात घातले.

फुटस्क्रेच्या बाजारात आज व्हिएतनामी पावाची दुकाने आहेत, इथिओपियन खानावळी आहेत, आणि थोडे पश्चिमेला गेले की आपल्या मराठी घरांतून कुकरच्या शिट्या ऐकू येतात. या घरांतली मुले १९५४ बद्दल बोलताना 'आपण जिंकलो' असे म्हणतात. तो सामना त्यांच्या आजोबांनी पाहिलेला नाही, पणजोबांनी तर या खेळाचे नावही ऐकले नव्हते. पण क्लब जागेवर राहिला, म्हणून शेजारच्या आजोबांना आपली आठवण कोणाच्या तरी हातात देता आली. फिट्झरॉयमध्येही असे म्हातारे असतील. त्यांच्याही शेजारी नवी मुले राहायला येत असतील. त्या मुलांना शनिवारी कुठे घेऊन जायचे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.