हँडबिलं जपून ठेवा

सांस्कृतिक धोरण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मंत्रालयातला आणि विद्वानांचा विषय. पन्नाशी उलटेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. मी बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा, मीरा रोडला राहणारा साधा माणूस. मला धोरण कळलं ते भाईंदरच्या एका ढोलकीवाल्यामुळे.

त्यांना आम्ही बुवा म्हणायचो. आगरी लग्नं, भजनं, गावची नाटकं, चाळीस वर्षं त्यांनी वाजवलं. म्हातारपणी हात थरथरू लागले आणि सुपाऱ्या बंद झाल्या. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना राज्य शासन दरमहा मानधन देतं, हे त्यांच्या कानावरच आलं नव्हतं. मी त्यांचा अर्ज भरला. तो परत आला. कामाचे पुरावे जोडा, असा शेरा होता. बुवांची चार हँडबिलं आणि एक प्रमाणपत्र २६ जुलै २००५च्या पुरात गेलं होतं. ते हसून म्हणाले, "कवी, ढोलकी वाजवली तेव्हा कुणी पावती मागितली नाय."

आधी मला राग आला. मग विचार केला. कागद पाहिल्याशिवाय जनतेचा पैसा वाटता येत नाही, हे खरं. मांडवात वाजवणाऱ्याकडे कागद नसतो, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींतून वाट काढणं म्हणजे धोरण. कला कशाला म्हणायचं, कलावंत कोण, पैसा कशावर खर्चायचा आणि हे ठरवणार कोण, या चार प्रश्नांचं सरकारनं दिलेलं उत्तर म्हणजे सांस्कृतिक धोरण.

हे उत्तर काळाप्रमाणे बदलत आलं. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत १९५३ साली संगीत नाटक अकादमी सुरू झाली. १९५४ साली साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी. आपल्याकडे १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, त्याचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. तेव्हा भर होता ग्रंथांवर, कोशांवर. पुढे १९८२ साली मेक्सिकोत युनेस्कोची परिषद भरली. संस्कृती म्हणजे नुसत्या कला आणि वाङ्मय नव्हे. जगण्याच्या रीती, परंपरा, श्रद्धा हेही त्यात येतं, असं तिथे जाहीर झालं. महाराष्ट्रानं डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावरून २०१० साली आपलं सांस्कृतिक धोरण आणलं. त्याचा फेरविचार डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं केला आणि २०२४ साली नवं धोरण आलं.

व्याख्येचा प्रश्न माझ्याही घरचा आहे. "तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे लिहिता?" असं मला अजून विचारतात. मी म्हणतो, श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि बार्शीचे शाहीर अमर शेख कोणत्या भाषेत लिहीत होते? 'आपली संस्कृती' या शब्दांत कोण कोण मावतं, हे धोरणाच्या कागदावर ठरतं. म्हणून तो कागद आपणच वाचायला हवा.

धोरण फक्त राज्याचंच असतं असंही नाही. मीरा-भाईंदर महापालिका २००२ साली झाली; मोठं नाट्यगृह, लता मंगेशकरांच्या नावाचं, उघडलं २०२२ साली. मधली वीस वर्षं आम्ही नाटकाला बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात जात होतो. आता नाट्यगृह आलं, तरी हौशी मंडळाला तारीख मिळते का, भाडं परवडतं का, हे प्रश्न उरतातच. भाड्याचा तक्ता हेही एक सांस्कृतिक धोरणच आहे.

हे समजून घ्यायचं कुठे? २०१० आणि २०२४ची धोरणं मिळवा आणि शेजारी ठेवून वाचा. मग शासन निर्णय बघा. धोरणात इच्छा असते, निर्णयात रक्कम असते. ते राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. मानधनाचंच घ्या. २०२४ साली ते सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये झालं, ते अशाच एका निर्णयानं. तिसरा कागद महापालिकेच्या अर्थसंकल्पाचा. कला, ग्रंथालयं, नाट्यगृह यांच्यापुढचे आकडे पाहा. एखादा कागद मिळत नसेल, तर २००५चा माहितीचा अधिकार आहे; अर्जाला १० रुपये लागतात. इंटरनेट जमत नसेल, तर जवळच्या ग्रंथालयात जा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं गावोगाव आहेत. तीही धोरणातूनच उभी राहिली.

बुवांचं पुढे काय झालं? एका जुन्या भजनी मंडळाच्या ट्रंकेत तीन हँडबिलं सापडली. त्यांवर बुवांचं नाव होतं. पण त्या वर्षीची ठरलेली संख्या भरली होती. पुढल्या वर्षी मानधन मंजूर झालं. पहिल्या पैशांतून त्यांनी ढोलकीला नवी पुडी बसवून घेतली. मानधन त्यांना सातच महिने मिळालं, मग ते गेले.

तुमच्या गल्लीतही असा एखादा वाजवणारा, गाणारा असेल. त्याचं हँडबिल आज जपून ठेवा. आणि पुरावा म्हणून काय काय चालेल, हा प्रश्न नगरसेवकाला, आमदाराला विचारा. धोरण बदलायची सुरुवात अशा एका प्रश्नानंही होते.