बॅटरी बदलण्यापूर्वी मीटर लावा

गणेशचतुर्थीला चाकरमानी मालवणात येतो आणि कित्येक महिने पडवीत झाकून ठेवलेली मोटारसायकल बाहेर काढतो. सेल्फचे बटण दाबताच नुसता 'टक्' असा आवाज येतो. 'बॅटरी गेली' असे समजून नवी बॅटरी बसवली जाते आणि कधी कधी पंधरा दिवसांत तीही उतरते. कारण दोष अनेकदा बॅटरीत नसतो. तो तिला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेत असतो.

पूर्वी अशा वेळी किक मारून काम भागत असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यातील पेट्रोल ढकलणारा पंप विजेवरच चालतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरल्यास गाडी ढकलूनही सुरू होईल याची शाश्वती नसते.

देवबाग, तारकर्ली, आचरा या किनारी गावांत खाऱ्या हवेची भर पडते. हवेतील मीठ ओलावा धरून ठेवते आणि टर्मिनल, अर्थिंगचा बोल्ट व वायरींचे जोड यांवर हिरवट-पांढरी पूड साचते. ती विजेला अडवते. म्हणून पहिली तपासणी जोडांची करावी. इंजिन बंद करून आधी ऋण व मग धन टर्मिनल सोडवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूड पुसावी, जोड कोरडे करून घट्ट बसवावेत व वर व्हॅसलीन लावावे. जोडताना मात्र धन टर्मिनल आधी जोडावे.

त्यानंतर साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या स्थितीतील, पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४ च्या खाली असल्यास ती आधी चार्ज करावी. चार्ज केल्यावरही सेल्फ मारताना दाब ९.५ व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर बॅटरी खरोखरच थकली आहे.

आता इंजिन सुरू करून वेग वाढवावा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसल्यास चार्जिंग ठीक आहे. आकडा वाढतच नसेल तर स्टेटर कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांच्यामधील कपलर यांवर संशय घ्यावा. १५ व्होल्टच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. तो नवी बॅटरीही उकळवून टाकतो. अनेक गाड्यांत कॉइलमधून तीन वायरी निघतात. रेग्युलेटरचा कपलर सोडवून, एसी व्होल्टवर मीटर ठेवून, दोन-दोन वायरींमधील दाब मोजावा. तिन्ही जोड्यांत तो समान यायला हवा. एखाद्या जोडीत कमी आल्यास कॉइल जळाली असावी. ही तपासणी मेकॅनिककडूनच करून घेतलेली बरी.

सर्व आकडे योग्य असूनही बॅटरी रातोरात उतरत असेल, तर बाहेरून जोडलेले दिवे, जीपीएस किंवा मोबाईल चार्जर गाडी बंद असतानाही वीज खात नाहीत ना, हे पाहावे.

मुंबईला परतताना ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे आणि घरी राहणाऱ्यांना दर महिन्याला बॅटरी चार्ज करण्यास सांगावे. चार्जरचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ५ अँपिअर-अवर बॅटरीला अर्धा अँपिअर, असावा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिल्यास तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते, आणि मग मात्र ती बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.