एका छपराखाली – लेखांक ६ : वडीलधारं नसलेलं घर

गेल्या आठवड्यात आपण पु. लं.च्या ‘बटाट्याच्या चाळी’त होतो. चाळीतल्या भांडणात शेवटी कुणीतरी वडीलधारं मध्ये पडतंच. आजच्या घरात ती सोय नाही. भाड्याचं घर, चार विद्यार्थी आणि कुणाचा कुणावर वचक नाही. मालिकेचं नाव ‘द यंग वन्स’. १९८२ ते १९८४ या काळात बीबीसी टूवर तिचे जेमतेम १२ भाग झाले आणि ब्रिटिश विनोदाची चाल बदलली.

चौघांची ओळख करून घेऊ. रिक क्रांतीच्या बाता मारणारा कवी, पण भक्त मात्र गुळगुळीत गाण्यांच्या क्लिफ रिचर्डचा. विव्हियन डॉक्टरकी शिकणारा पंक, कपाळात धातूच्या चांदण्या ठोकलेला आणि हाताला लागेल ते फोडणारा. माइक स्वतःच स्वतःला घराचा पुढारी नेमून मोकळा झालेला. आणि नील. हा हिप्पी रोज सगळ्यांसाठी डाळ शिजवतो आणि वर शिव्याही खातो.

नील आपल्याकडच्या वाचकांना नवा नाही. बोईसरला चित्रालय, नवापूर रोड किंवा पास्थळकडच्या रूमवर डोकावा. कुणी एमआयडीसीत केमिस्ट, कुणी अप्रेंटिस, कुणी अजून शिकणारा. एक नाइट करून आडवा झालेला, दुसरा फर्स्ट शिफ्टसाठी अंधारात बादली आपटत उठलेला. सिलिंडर संपला की ‘मागच्या वेळी मीच आणला होता’ असं प्रत्येकजण शपथेवर सांगतो आणि शेवटी तो आणतो एकच जण. त्याचं श्रेय त्याला कधीच मिळत नाही. रूममेटच्या विनोदाचं मूळ इथं आहे. आई-वडील नाहीत, साहेब नाही, मग काम कुणी करायचं?

या मालिकेतला ‘बॅम्बी’ हा भाग नीट पाहण्यासारखा आहे. तो ८ मे १९८४ रोजी दाखवला गेला. कपडे इतके मळलेत की चौकडीला लाँड्री गाठावी लागते. पुढे ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नमंजूषेत आपल्या स्कमबॅग कॉलेजतर्फे उतरायचं असतं. मध्येच मोटरहेड हा बँड घरात वाजवायला लागतो. कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण कारण व्यवहारी होतं: गाणंबजावणं असलं की कार्यक्रम ‘व्हरायटी’त मोडायचा आणि पैसे जास्त मिळायचे. मग रेल्वेप्रवास. खिडकीबाहेर डोकं काढू नका अशी पाटी असते, म्हणून विव्हियन डोकं काढतो. ते उडतं, आणि त्याचं धड रुळांवरून स्वतःच्याच डोक्याला लाथा घालत चालू लागतं. डहाणू लोकलच्या दारात लटकणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

खरा डाव मात्र स्पर्धेत आहे. समोर फुटलाइट्स कॉलेजचा उमरावी संघ. टीव्हीवर त्या कार्यक्रमात दोन संघ एकावर एक बसल्यासारखे दिसत. इथं खरोखरच दुमजली सेट उभारला आणि गरिबांना वर बसवलं. विव्हियन जमिनीतून पाय आरपार घालून खालच्यांना तुडवतो. त्या उमरावी संघात होते स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्प्सन. हे तिघे खरोखरच केंब्रिजच्या ‘फुटलाइट्स’ या नाट्यमंडळातले. त्यांच्या प्रयोगाला १९८१मध्ये एडिंबरात पहिला पेरिए पुरस्कार मिळाला होता. उलट ‘द यंग वन्स’ घडवणारे रिक मेयॉल, एड्रियन एडमंडसन आणि बेन एल्टन मँचेस्टर विद्यापीठातले. म्हणजे केंब्रिजवाले मँचेस्टरवाल्यांच्या घरी येऊन स्वतःचीच टर उडवून घेत होते. मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजांसमोर एकांकिका घेऊन जाणाऱ्या पालघरच्या पोरांना हा सामना वेगळा समजवावा लागणार नाही.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारी मालिका म्हणजे झी मराठीवरची, २०१५मध्ये सुरू झालेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’. ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटमध्ये सहा तरुण-तरुणी. अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले यांनी ते घर जिवंत केलं. पण तिथं रुसवा झाला की समजूतही निघते. मित्रच एकमेकांचे नातेवाईक होतात. ‘द यंग वन्स’मध्ये कुणी सुधारत नाही, कुणी कुणाला मिठी मारत नाही, आणि शेवटच्या भागात चौघांची बस कड्यावरून कोसळते. आपली मालिका घर पुन्हा जोडते, ती मालिका घर जोडायलाच नकार देते. मला दोन्ही आवडतात, पण हसू जास्त वेळ टिकतं ते दुसऱ्या प्रकारात, कारण तिथं कुणालाही सवलत नाही.

बोईसरच्या रूमवर जळगाव, नांदेड, बिहार आणि ओडिशा एकाच गॅसवर जेवतात. जेवणावरून, भाषेवरून, पंख्याच्या वेगावरून रोज नाटक घडतं, आणि ‘बॅचलरला जागा नाही’ म्हणणारी सोसायटी खलनायक म्हणून फुकट मिळते. तेव्हा दांडेकर कॉलेजपासून इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपर्यंत एकांकिका लिहिणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: यंदा ही रूम लिहा. आणि शेवटी मिठ्या मारू देऊ नका, सिलिंडर कुणी आणला तेवढं स्पष्ट करा.

(पुढील लेखांकात : दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ)