परका खेळाडू, आपला संघ

एखादा नामवंत खेळाडू आपला संघ सोडून दुसऱ्या संघांत दाखल झाला, अशी वार्ता वर्तमानपत्रांत येते, तेव्हां मैदानावर अद्यापि एकही चेंडू पडलेला नसतो. परंतु प्रेक्षकांचा सामना मात्र त्याच क्षणीं सुरू होतो. घराच्या ओसरीवर, कट्ट्यावर, आगगाडीच्या डब्यांत ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आतां करंडक आपलाच." दुसरा म्हणतो, "जो तिकडे टिकला नाहीं, तो इकडे येऊन काय दिवे लावणार?" हा वाद निव्वळ करमणुकीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. आपलें कोण व परकें कोण, हें माणूस कशावरून ठरवितो, याचा चांगला धडा त्यांत मिळतो.

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील क्रिकेटप्रेमी मंडळींपुढें हा प्रश्न २०२५ सालीं उभा राहिला. क्रिकेटच्या कारभारांत मुंबईचा संघ वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा. सातारा-सांगलीचे खेळाडू महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखालीं येतात. म्हणून रणजी करंडकाच्या स्पर्धेंत त्यांचा 'आपला' संघ तो महाराष्ट्राचा. मुंबई हा बलाढ्य शेजारी व प्रतिस्पर्धी. मुंबईनें हा करंडक चाळिसांहून अधिक वेळां जिंकला. महाराष्ट्रानें अवघा दोनदां, तोही १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या हंगामांत. अशा स्थितींत मुंबईचा सलामीचा फलंदाज पृथ्वी शॉ हा महाराष्ट्राकडे आला.

शॉ कांहीं सामान्य खेळाडू नव्हे. २०१८ सालीं एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. त्याच वर्षीं राजकोट येथें आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यांत त्यानें १३४ धांवा केल्या. पुढें पडता काळ आला. २०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रणजी संघांतून तो वगळला गेला, आणि पुढील वर्षीं मुंबईचें ना-हरकत पत्र घेऊन त्यानें महाराष्ट्राची वाट धरली. २०२५ च्या एकट्या ऑक्टोबर महिन्यांत काय काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. मुंबईविरुद्धच्या सराव-सामन्यांत त्यानें १८१ धांवा काढल्या. मग रणजींतील पहिला सामना केरळशीं; त्यांत पहिल्या डावीं शून्य आणि दुसऱ्या डावीं ७५. त्यापुढील सामन्यांत चंदीगडविरुद्ध २२२. प्रेक्षकाच्या मनाचा काटा अशा वेळीं कसा हेलकावे खातो, हें सांगावयास नको. १८१ धांवांना "आपला पृथ्वी", शून्याला "मुंबईकरांनीं उगीच का सोडला?", आणि २२२ धांवांना पुन्हां "आपला पृथ्वी"!

या हेलकाव्यांच्या मुळाशीं तीन प्रश्न असतात. पहिला, हा आला कां? स्वतःहून आला, कीं तिकडे जागा उरली नाहीं म्हणून आला? दुसरा, हा राहील किती दिवस? चार सामने खेळून नांव सुधारलें कीं पुन्हां पाठ फिरविणार काय? आणि तिसरा प्रश्न, जो सर्वांत हळू आवाजांत विचारला जातो: याच्यासाठीं जागा कोणाची गेली? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें काळ देतो. तिसऱ्याचें उत्तर मात्र कोणालाच द्यावेंसें वाटत नाहीं.

सांगलीकरांना याच नाण्याची दुसरी बाजू जुन्या काळापासून ठाऊक असावयास हवी. कारण त्यांच्या गांवचा सर्वांत थोर क्रिकेटपटू परक्या संघांत जाऊनच मोठा झाला. विजय हजारे यांचा जन्म १९१५ सालीं सांगलीस झाला. १९३९-४० च्या हंगामांत पुण्यास महाराष्ट्रातर्फे खेळतांना त्यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या. रणजी करंडकांतील तें पहिलेंच त्रिशतक. त्या वर्षीं प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें करंडक जिंकला, व दुसऱ्या वर्षीं तो राखला. आणि त्यानंतर हजारे गेले कोठें? ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनीं दमवून सोडलें होतें, त्याच बडोद्यास! १९४१-४२ पासून ते बडोद्यातर्फे खेळूं लागले, आणि १९४२-४३ मध्यें बडोद्यानें प्रथमच करंडक पटकावला.

त्या काळीं खेळाडूच्या स्थलांतराचें कारण उघड होतें. खेळावर पोट भरत नसे, आणि क्रिकेटचे शोकी संस्थानिक आपल्या पदरीं खेळाडूंना नोकरी देत. बडोदें, होळकरांचें इंदूर यांसारखीं संस्थानें या आश्रयामुळेंच क्रिकेटमध्यें नांवारूपास आलीं. १९४५ च्या अंतिम सामन्यांत तर होळकर संघातर्फे डेनिस कॉम्प्टन हा खुद्द इंग्लंडचा फलंदाज मुंबईविरुद्ध खेळला. नाबाद २४९ धांवा करूनही त्याला पराभव टाळतां आला नाहीं. दोन वर्षांनीं, १९४७ च्या मार्चमध्यें, बडोदें व होळकर अंतिम सामन्यांत समोरासमोर आले. बडोद्याच्या तिघां गड्यांचा निकाल लागल्यावर हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली, आणि तिनें ५७७ धांवांची भर घातली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याहि गड्यासाठीं झालेली ही सर्वांत मोठी भागीदारी, म्हणून तिचा जागतिक उच्चांक २००६ पर्यंत अबाधित राहिला. आतां मौज पाहा. हा विक्रम बडोद्याचा म्हणून नोंदला गेला. पण तो करणारा एक वीर सांगलीचा आणि दुसरा लाहोरचा!

१९५२ सालीं मद्रास येथें भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार हजारेच होते. २००४ सालीं त्यांनीं देह ठेवला तो बडोद्यासच. त्यांना परका कोण म्हणेल? बडोद्यानें त्यांना आपलें मानलें, आणि सांगलीनेंहि आपला हक्क सोडला नाहीं. जन्मभूमीचा अभिमान आणि कर्मभूमीचें प्रेम हीं एकाच माणसाच्या वांट्यास येऊं शकतात; एकानें घेतलें म्हणून दुसऱ्याचें कमी होत नाहीं. सांगलीची स्मृती मानधना हिचें अलीकडचें उदाहरण असेंच आहे. २०२३ च्या लिलावांत बंगळूरच्या संघानें तिच्यासाठीं ३ कोटी ४० लक्ष रुपये मोजले, आणि २०२४ सालीं तिच्याच नेतृत्वाखालीं त्या संघानें महिलांची प्रीमियर लीग जिंकली. बंगळूरच्या प्रेक्षकांनीं तिच्या नांवाचा गजर केला, तेव्हां सांगलीच्या मंडळींना कोणी आपलें हिरावून नेलें असें वाटलें नसावें.

मात्र स्थलांतर अति सुलभ झालें, तर काय होतें, हें अमेरिकेंतील कॉलेजांच्या बास्केटबॉलवरून समजतें. तेथें कॉलेजचा संघ हा साऱ्या गांवाचा अभिमानविषय. पूर्वीं कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूस नव्या संघांत सामान्यतः एक वर्ष बाकावर बसून काढावें लागे. २०२१ सालीं ही अट एकवेळ बदलापुरती उठली, आणि २०२४ पासून अभ्यासांत प्रगति ठीक असल्यास कितीहि वेळां बदल करण्याची मोकळीक मिळाली. खेळाडूचा यांत न्याय्य फायदा आहे. कारण त्याच्या खेळावर इतर लोक पैसा मिळवीत असतां त्यालाच बांधून ठेवणें योग्य नव्हे. परंतु प्रेक्षकाला दरवर्षीं नव्या मंडळीची ओळख करून घ्यावी लागते, आणि ओळख पटते न पटते तोंच निरोपाची वेळ येते. भारतांतील राज्यसंघांपुरती ना-हरकत पत्राची अट आहे, आणि बाहेरचे मोजकेच खेळाडू घेतां येतात. त्यामुळें हा ओघ अद्यापि कांठांत आहे.

ही मर्यादा कशासाठीं, याचें उत्तर त्या तिसऱ्या प्रश्नांत आहे. संघांत जागा अकराच. बाहेरून एक आला, कीं आंतला एक बाहेर बसतो. हा बाहेर बसणारा बहुधा कोणी तरी जिल्ह्याच्या गांवचा मुलगा असतो. पहांटे मैदानावर जाऊन, दुपारीं कॉलेज सांभाळून, बापाच्या तुटपुंज्या मिळकतींत बॅट व पायपट्ट्या विकत घेऊन त्यानें दहा वर्षें घालविलेलीं असतात. त्याचें नांव वर्तमानपत्रांत येत नाहीं. नवागताचा जयजयकार करणाऱ्या प्रेक्षकानें या मुलाचीहि आठवण ठेवावयास हवी. याचा अर्थ बाहेरच्यास मज्जाव करावा असा नाहीं. थोर खेळाडूच्या शेजारीं सराव केल्यानें शेजाऱ्याचाहि खेळ सुधारतो, हा लाभ मोठा आहे. परंतु पाहुणा घरीं आला म्हणून घरच्या मुलाला उपाशी ठेवणें हें आतिथ्य नव्हे. संघाच्या चालकांनीं नवागताकडून धांवांबरोबर शिकवणुकीचीहि अपेक्षा धरावी, आणि घरच्या मुलास आपली पाळी केव्हां येणार तें स्पष्ट सांगावें.

'आपलें' या शब्दाची हद्द तरी कायमची आंखलेली कोठें आहे? वाळवें, तासगांव हे तालुके सातारा जिल्ह्यांत होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, व १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें. एका रेषेनें माणसें परकीं झालीं नाहींत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकावयास कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत गेले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यास पैसे कमी पडले, तेव्हां त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मुलगा सातारा जिल्ह्याचा, घर कोल्हापूरचें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. तें साताऱ्याचें कीं कोल्हापूरचें, याचा वाद घालीत बसण्याची गरज कोणालाच पडली नाहीं.

प्राचार्यांनीं घर गहाण टाकलें तें पदक हातीं येण्यापूर्वीं. नव्या खेळाडूस आपलें म्हणावयाचें तर तें असें, शून्यावर बाद झालेल्या दिवशींहि म्हणतां आलें पाहिजे. द्विशतकाच्या दिवशीं तर सारेच म्हणतात.