खातं क्लाउडवर, बिल नाशकात

२०१५च्या सिंहस्थाच्या निमित्ताने झालेल्या ‘कुंभथॉन’ या नवकल्पनांच्या उपक्रमातून नाशकात नवउद्यमींचं वातावरण तयार झालं, टीसीएस फाउंडेशनचं ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ त्याचीच पुढची पायरी. अशा मंडळींना सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही, तो क्लाउडवर भाड्याने मिळतो. अ‍ॅमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटर २०१६पासून, तर मायक्रोसॉफ्टची पुण्यातली २०१५पासून सुरू आहेत.

खातं मात्र कंपनीच्या ईमेलवर उघडावं. एका भागीदाराच्या खासगी जीमेलवर उघडलं आणि तो बाहेर पडला, की किल्ल्याही त्याच्यासोबत जातात! मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावून रोजच्या कामासाठी वेगळे युजर करावेत.

पहिल्याच दिवशी जीएसटी क्रमांक भरावा. बिलावर १८ टक्के कर लागतो; क्रमांक नोंदवलेला असेल, तर त्याचं इनपुट क्रेडिट घेता येतं. महाराष्ट्राचा क्रमांक २७ने सुरू होतो, एवढं तपासलं तरी निम्म्या चुका टळतात.

खरी गोम कार्डात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांवरच्या आपोआप वसुलीला दरवेळी ओटीपी लागतो. तो चुकला की बिल थकतं.

खात्यात लावलेला बजेटचा इशारा फक्त ईमेल पाठवतो, मीटर थांबवत नाही. बंद केलेल्या सर्व्हरच्या डिस्कचंही भाडं चालूच राहतं. अ‍ॅमेझॉन तर फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर.