ऐकीव कायदे आणि पक्कं लायसन्स

मे 2024 च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर एक बातमी जोरात फिरत होती: 1 जूनपासून आरटीओतली टेस्ट बंद, आता कोपऱ्यावरचं मोटार ट्रेनिंग स्कूलच लायसन्स देणार. शेवटी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला की 1 जूनपासून असं काहीही बदलत नाही. अफवेच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती, पण ती तीन वर्षांपूर्वीची. जून 2021 मध्ये मंत्रालयाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले आणि 1 जुलै 2021 पासून ते लागू झाले. अशा केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. मात्र हे केंद्र म्हणजे शटरच्या गाळ्यात बसून एका ड्युअल कंट्रोलच्या गाडीवर चालणारं स्कूल नव्हे. हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर, जड वाहनांसाठी दोन एकर जागा, शिवाय टेस्ट ट्रॅक आणि सिम्युलेटर हवा. मोटारीचा अभ्यासक्रम 29 तासांचा, तो जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा. एवढं करूनही लायसन्स देतं ते आरटीओच. साध्या स्कूलचं सर्टिफिकेट हातात असलं तरी टेस्ट द्यावीच लागते.

लायसन्सविषयीच्या बहुतेक समजुती अशाच तयार होतात. थोडा जुना नियम, थोडं एजंटाचं बोलणं, थोडा शेजारच्या काकांचा वीस वर्षांपूर्वीचा अनुभव. त्यातून होतं असं की लोक टेस्टला घाबरतात, जी खरं तर जमण्यासारखी असते, आणि जिथे कायदा खरोखर कडक आहे तिथे बिनधास्त राहतात.

‘ॲक्टिव्हाला गिअर नाही, म्हणजे सोळाव्या वर्षी चालते’

अकरावीच्या प्रवेशांबरोबर हा समज दरवर्षी नव्याने घरोघरी पोहोचतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 4 मध्ये सोळा वर्षांची सवलत आहे हे खरं, पण ती इंजिनाच्या आकाराला आहे. 50 सीसीपर्यंतची दुचाकी, त्यापुढे नाही. लुना मोपेड रस्त्यावर होती तेव्हा या सवलतीला अर्थ होता. आजच्या पेट्रोल स्कूटर बहुतेक सगळ्या 100 सीसीच्या वरच्या. ॲक्टिव्हाचं इंजिन 109 सीसीचं आहे. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीने विनागिअरचं लायसन्स रीतसर काढलं, तरी ती ॲक्टिव्हावर बसली की कायद्याच्या लेखी विनालायसन्सच.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दलही असाच घोळ आहे. ज्या गाडीची मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, वजनही नियमात बसणारं, तिला लायसन्स लागत नाही. शोरूमच्या काचेमागे चमकणाऱ्या, ताशी साठ-सत्तरने धावणाऱ्या गाड्या या सवलतीत येत नाहीत. त्यांना नंबरप्लेट लागते आणि लायसन्सही.

‘पकडलं तर पाचशे रुपये भरू’ असं म्हणणाऱ्या पालकांनी कलम 199 अ एकदा वाचावं. 2019 च्या दुरुस्तीने ते आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘त्याने न विचारता किल्ली घेतली’ हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावरच असते. मुलगा बारावीपर्यंत बसने गेला तर काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘लर्निंग आलं की एकट्याने गाडी काढायला मोकळे’

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 3 सांगतो की शिकाऊ चालकाबरोबर त्या प्रकारच्या वाहनाचं चालू लायसन्स असलेला माणूस हवा, आणि त्याने गाडी थांबवता येईल अशा जागी बसायला हवं. मागच्या सीटवर फोनवर बोलणारा मामा चालत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा; पाटी किमान 18 सेंटिमीटरची चौरस. दुचाकी शिकताना मागे बसला तर तो शिकवणाराच असायला हवा, मैत्रीण नव्हे. चिकटपट्टीने रंगवलेला बोटभर ‘एल’ हा प्रकार आपल्याकडे फार लाडका आहे. तो नियमात बसत नाही आणि मागच्या ट्रकवाल्यालाही दिसत नाही.

लर्निंगची मुदत सहा महिने. पहिल्या तीस दिवसांत पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. पुष्कळ जण हे तीस दिवस नुसते मोजतात, एकतिसाव्या दिवसाची अपॉइंटमेंट घेतात आणि आदल्या रविवारी मैदानात जाऊन गाडीने आठच्या आकड्याचा आकार गिरवतात. कायद्याने दिलेला हा काळ शिकण्यासाठी आहे. सहा महिने उलटले तर मात्र नव्याने लर्निंग काढावं लागतं. ‘लर्निंग फक्त आपल्या जिल्ह्यात चालतं’ हेही खरं नाही. कलम 13 प्रमाणे शिकाऊ आणि पक्कं, दोन्ही लायसन्स देशभर वैध आहेत.

लर्निंगची परीक्षा आता आधारच्या ओळखीवर घरबसल्या देता येते. महाराष्ट्रात ही सोय जून 2021 मध्ये सुरू झाली. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की पास. ती सोपी आहे म्हणून सायबर कॅफेतल्या मुलाच्या हातात माऊस देण्याची पद्धत पडली आहे. नुकसान आपलंच. गोल चिन्ह म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोन म्हणजे माहिती, एवढं कळलं तरी निम्मी चिन्हं पाठ न करता ओळखता येतात. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला वाट द्यायची, हे ज्यांनी स्वतः प्रश्न सोडवले त्यांनाच ठाऊक असतं. पुण्यातल्या कुठल्याही गोल चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की परीक्षा कोणी दिली होती याचा अंदाज येतो.

‘आठ आला की पास, पाय टेकला की संपलं’

लोकांच्या मनातली टेस्ट म्हणजे फक्त आठ. नियम 15 मध्ये चालकाने काय काय करून दाखवायचं याची लांबलचक यादी आहे आणि तिची सुरुवात मागचं दिसणारा आरसा नीट लावण्यापासून होते. त्यानंतर गाडी सुरू करण्याआधीची काळजी, अलगद निघणं, वेळेवर इशारा देणं, डाव्या बाजूने चालणं, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी योग्य वागणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, पुढे-मागे करून गाडीचं तोंड उलट फिरवणं. मोटार वाहन निरीक्षक पाहतात ते हे सगळं. सीटबेल्ट न लावता किंवा हेल्मेट हाताच्या कोपराला अडकवून ट्रॅकवर जाणारा उमेदवार पहिल्या मिनिटातच आपली ओळख करून देतो.

चढावर गाडी थांबवून पुन्हा निघायचं, हा मोटारीच्या टेस्टमधला सर्वांत भीतिदायक भाग. त्याबद्दल एक पक्का गैरसमज आहे: हँडब्रेक ओढला तर नापास. नियमात नेमकं उलटं लिहिलं आहे. तीव्र चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाच्या ब्रेकचा नीट वापर करून, गाडी मागे न घसरता पुन्हा निघायचं आहे. तेव्हा हँडब्रेक ओढा, क्लच हळू सोडा, इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडीने किंचित नाक उचललं की थोडा रेस द्या, मग हँडब्रेक खाली. क्लच-ब्रेकच्या कसरतीत गाडी अर्धा फूट मागे गेली की मात्र अडचण.

दुचाकीच्या आठात बहुतेकांची चूक नजरेची असते. माणूस पुढच्या चाकाकडे बघतो, चाक रेषेकडे जातं, घाबरून ब्रेक दाबला जातो आणि पाय खाली येतो. नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे ठेवली की हँडल आपोआप वळतं. गिअरची गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब. स्कूटर असेल तर ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. पुढचा ब्रेक वळणात विसरायचा. हे घरामागच्या मोकळ्या जागेत दोन विटा ठेवून शिकता येतं. पुण्यात मोटारीची टेस्ट भोसरीच्या इन्स्टिट्यूट ऑफ ड्रायव्हिंग ट्रेनिंग अँड रिसर्चच्या संगणकीकृत ट्रॅकवर होते. यंत्राला ओळखपाळख कळत नाही, त्यामुळे ‘साहेब ओळखीचे आहेत’ या भांडवलावर तिथे जाऊ नये.

नापास झालं तर? ‘फाइल बंद होते’ असं सांगणारे भेटतात. कलम 9 प्रमाणे सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते. तीन वेळा जमलं नाही तर शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबायचं. 

‘एजंटाशिवाय होत नाही’

अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर, पैसे ऑनलाइन, तारीख आपण निवडायची, कार्ड टपालाने घरी. केंद्रीय नियमांतलं शुल्क प्रत्येक वाहन प्रकारामागे लर्निंगला 150 रुपये, टेस्टला 300 रुपये. लर्निंगच्या परीक्षेचे 50 आणि लायसन्सचे 200 वेगळे. एजंट याच्या काही पट घेतो आणि त्यातला मोठा भाग ‘वर द्यावे लागतात’ म्हणून सांगतो. खासगी मोटार किंवा दुचाकीच्या लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही. ते व्यावसायिक वाहनांसाठी लागतं. स्कूल लावावं ते शिकण्यासाठी, आणि लावावंच असं मी म्हणेन, कारण घरातल्या घरात शिकताना नवरा-बायकोची भांडणं फार होतात.

छोट्या छोट्या समजुती आणखी बऱ्याच आहेत. आधारवर गावचा पत्ता म्हणून गावच्याच आरटीओत जावं लागतं, हे 2019 नंतर राहिलं नाही. राज्यातल्या कुठल्याही कार्यालयात अर्ज चालतो. आठवी पास असण्याची अट व्यावसायिक चालकांना होती, तीही त्याच वर्षी गेली. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर जून 2020 पासून लायसन्स मिळू शकतं. ऑटोमॅटिक मोटारीसाठी वेगळं लायसन्स आपल्याकडे नाही. दुसऱ्या राज्यात बदली झाली तरी लायसन्स नवीन काढावं लागत नाही. बारा महिन्यांचा जो नियम लोक सांगतात तो गाडीच्या नोंदणीचा आहे.

‘कार्ड आलं, आता वीस वर्षं बघायला नको’

वीस वर्षांचा हिशेब जुना झाला. आता तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत. त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ‘मुदत संपल्यावर महिनाभर चालतं’ हे पूर्वी खरं होतं. ती तीस दिवसांची सवलत 2019 च्या दुरुस्तीत काढली गेली. नूतनीकरण मुदतीच्या आधी वर्षभर आणि नंतर वर्षभर करता येतं, पण नंतरच्या त्या काळात गाडी चालवणं विनालायसन्सच, आणि त्याचा दंड पाच हजार रुपये. वर्षही उलटलं तर पुन्हा टेस्ट.

फोनमधलं लायसन्स पोलिसांनी मान्य करायलाच हवं, पण ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं. गॅलरीतला कार्डाचा फोटो हा फक्त फोटो.

मोटारीच्या लायसन्सवर छोटा टेम्पो चालवता येत नाही, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की 7,500 किलोच्या आतलं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला हलक्या मोटारीचं लायसन्स पुरेसं आहे. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजचे राज्याचे नियम त्याहून वेगळे.

विम्याबद्दल एक समज मात्र अर्धा खरा आहे. विनालायसन्स चालकाने अपघात केला तर कंपनी पैसे देत नाही, असं म्हणतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जातोच. पण जखमी झालेल्या तिऱ्हाइताला भरपाई आधी कंपनीनेच द्यावी असा आदेश न्यायालयं सहसा देतात, आणि मग ती रक्कम कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल 2004 चा आहे. मालकाला ही वसुली किती जड जाते, ते रकमेवर अवलंबून.

टेस्टला गाडी आपली आपण न्यायची असते. तेव्हा अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात गाडीच्या विम्याची आणि पीयूसीची तारीख बघून ठेवा. मुदत संपलेल्या पीयूसीमुळे ट्रॅकच्या फाटकावरूनच परत फिरावं लागू शकतं.